माजी सैनिकांची सोनोग्राफी : ग्रामीण विदर्भातील तंत्रज्ञांसाठी

सोनोग्राफी कक्षात तंत्रज्ञ म्हणून रुजू होणाऱ्याने सर्वांत आधी हे समजून घ्यावे की आपल्याकडे प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचे यंत्राचे टोक, डॉक्टरांच्या हातात असतो. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत प्रशिक्षित सोनोग्राफर स्वतः तपासणी करतो आणि रेडिओलॉजिस्ट नंतर प्रतिमा पाहून अहवाल देतो. भारतात मात्र गर्भलिंग निदानाला आळा घालणाऱ्या 1994 च्या कायद्यामुळे नोंदणीकृत केंद्रात पात्र डॉक्टरांनीच यंत्र चालवावे अशी व्यवस्था आहे. म्हणजे तंत्रज्ञाला काम उरत नाही असे नव्हे. प्रतिमा चांगली येणार की वाईट, हे बरेचसे प्रोब अंगाला लागण्यापूर्वीच ठरलेले असते, आणि तो आधीचा सगळा भाग तंत्रज्ञाच्या ताब्यात असतो.

कामठीची छावणी आणि पुलगावचे दारूगोळा भांडार विदर्भातच असल्याने लष्कर इथे परके नाही. निवृत्तीनंतर गावी परतून शेती पाहणारे हवालदार आणि सुभेदार तालुक्या-तालुक्यांत आहेत. एप्रिल 2003 पासून त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आश्रितांसाठी ईसीएचएस ही अंशदायी आरोग्य योजना सुरू आहे. पॉलिक्लिनिकचे डॉक्टर रेफरल देतात आणि रुग्ण ते घेऊन योजनेशी जोडलेल्या रुग्णालयात येतो. रेफरलवर कोणती तपासणी लिहिली आहे, ती पोटाची की फक्त मूत्रमार्गाची की पायाच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर (रक्तप्रवाहाची तपासणी), हे रुग्ण टेबलावर झोपल्यावर नव्हे तर तो दारात असतानाच वाचावे. कागदावर एक आणि तपासणी दुसरी झाली, तर बिल अडते आणि साठ किलोमीटरवरून आलेल्या माणसाला पुन्हा हेलपाटा पडतो.

तयारीची सूचना आदल्या दिवशी फोनवर द्यावी आणि ती रुग्णाकडून परत म्हणवून घ्यावी. पोटाच्या तपासणीसाठी सहा ते आठ तास उपाशी राहावे लागते, कारण खाल्ल्यावर, विशेषतः स्निग्ध खाल्ल्यावर, पित्ताशय आकुंचन पावते आणि त्यातील खडे नीट दिसत नाहीत. आपल्याकडे ‘उपाशी या’ असे म्हटले की लोक जेवण सोडतात, पण चहा सोडत नाहीत. म्हणून ‘दुधाचा चहासुद्धा नको’ हे वेगळे सांगावे. खर्ऱ्याचेही, म्हणजे सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाचेही, नाव घेऊन सांगावे. तो कोणी खाणे समजत नाही, पण चघळताना थुंकीबरोबर हवा पोटात जाते आणि हवा म्हणजे ध्वनिलहरींच्या वाटेतली भिंत. विडी-सिगारेटच्या झुरक्याचेही तसेच. स्वादुपिंड आणि महाधमनी या दोन्ही गोष्टी पोटातल्या हवेमागे हमखास दडतात. साध्या पाण्याला मात्र मनाई नाही, हे आवर्जून सांगावे. मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो तेव्हा पहाटेच्या पहिल्या एसटीने निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला पाण्याविना ठेवणे धोक्याचे आहे.

पाण्याची गोष्ट पूर्व विदर्भात आणखी एका कारणाने महत्त्वाची ठरते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार बराच आढळतो, आणि शरीरातले पाणी कमी झाले की या रुग्णांना वेदनेचा झटका येऊ शकतो. माजी सैनिकाबरोबर त्याची पत्नी किंवा मुलगी तपासणीला आली आणि विशीतच पित्ताशयात खडे असल्याची शंका लिहिलेली असली, तर सिकलसेलची तपासणी कधी झाली होती का, हे विचारून रेफरलच्या कागदावर पेन्सिलीने टिपावे. तांबड्या पेशी सतत फुटत राहिल्याने या आजारात कमी वयात रंगद्रव्याचे खडे होतात. प्लीहा लहानपणी वाढलेली आणि पुढे काहींत आक्रसून जवळजवळ नाहीशी झालेली आढळते. डॉक्टरांना हे आधी ठाऊक असले तर ते प्लीहा शोधण्यात वेळ घालवत नाहीत.

मधुमेहाच्या रुग्णाला दिवसाच्या यादीत पहिला क्रमांक द्यावा. सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचे की नाही, हे त्याने आपल्या डॉक्टरांना विचारून यावे, आपण त्यात पडू नये. पण बाकावर बसलेला माणूस घामाघूम झाला, हात थरथरू लागले किंवा असंबद्ध बोलू लागला, तर तपासणीचा विचार सोडून लगेच साखर मोजावी. ती 70 च्या खाली असेल आणि रुग्ण गिळू शकत असेल तर त्याला साखरपाणी द्यावे, डॉक्टरांना बोलवावे आणि पोटाची तपासणी दुसऱ्या दिवशी ठेवावी.

प्रोस्टेटच्या तपासणीला मूत्राशय भरलेले लागते, आणि साठीपुढच्या पुरुषांत हीच तपासणी सर्वाधिक येते. साधारण तासभर आधी तीन-चार ग्लास पाणी पुरेसे असते. अधिक पाजल्याने प्रतिमा सुधारत नाही, रुग्ण मात्र हैराण होतो. याच तपासणीत लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरली तेही मोजतात. मूत्राशय फार ताणले गेले असेल किंवा माणूस घाईघाईत, दारावर थाप पडत असताना जाऊन आला असेल, तर उरलेल्या लघवीचा आकडा खोटा मोठा येतो. म्हणून रुग्णाला सावकाश जाऊन येऊ द्यावे, आणि शौचालय कक्षापासून लांब असेल तर त्याला सोबत करावी. प्रोस्टेटचे आकारमान काढण्यासाठी लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन त्यांच्या गुणाकाराला 0.52 ने गुणतात. यंत्र ते स्वतःच करते, तरी अहवाल टाइप करताना आकडा मनात एकदा पडताळून पाहावा, कारण दशांश चिन्ह एक घर सरकले की तीस मिलिलिटरचा प्रोस्टेट तीनशेचा होतो.

आता प्रत्यक्ष रुग्णाकडे वळू. फौजेत वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाला दुखणे सांगण्याची सवय नसते. ‘कुठे दुखते?’ असे विचारले की ‘सब ठीक है’ असे उत्तर येते, आणि टेबलावर कुशीवर वळताना दात आवळलेले दिसतात. त्यामुळे त्याच्या शब्दांपेक्षा त्याच्या हालचालीवर लक्ष ठेवावे आणि जे दिसले ते डॉक्टरांना सांगावे. ‘उजव्या कुशीवर वळवत नाही’ हे एक वाक्य कधीकधी रेफरलपेक्षा उपयोगी पडते. हाक मारताना हुद्दा लावावा. ‘सुभेदार साहेब, आत या’ एवढ्याने माणूस सैलावतो आणि पोटाचे स्नायू सैल झाले की प्रतिमा चांगली येते, म्हणजे यात अदबीइतकाच व्यवहारही आहे.

तोफखान्यात किंवा रणगाड्यांवर नोकरी केलेल्यांना पुष्कळदा कमी ऐकू येते. तपासणीत मात्र ‘श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा’ हे दहा-बारा वेळा सांगावे लागते, कारण श्वास भरला की यकृत आणि मूत्रपिंडे फासळ्यांखालून खाली सरकतात. कानातले यंत्र काढायला लावू नये. दिवे मंद करण्यापूर्वी खुणा ठरवून घ्याव्यात : तळहात वर केला की श्वास भरून थांबायचे, खाली केला की सोडायचे. आपण रुग्णाला दिसू अशाच जागी उभे राहावे. अंधाऱ्या खोलीत पाठीमागून कोणी अचानक स्पर्श करणे काहींना सहन होत नाही, आणि त्याचे कारण विचारण्याची आपल्याला गरज नाही. ‘आता गार लागेल’ असे आधी सांगून मगच जेल लावावे.

श्रीलंकेतील भारतीय शांतिसेनेत 1987 ते 1990 या काळात किंवा 1999 मध्ये कारगिलला जखमी झालेल्यांच्या शरीरात धातूचा बारीक तुकडा राहून गेलेला असू शकतो. नोंद घेताना ‘अंगात छर्रा, गोळीचा तुकडा, सळई किंवा पट्टी आहे का?’ असे सरळ विचारावे. सोनोग्राफीला त्याने धोका नसतो; पडद्यावर धातू लख्ख उमटतो आणि त्याच्यामागे सावली किंवा धूमकेतूच्या शेपटासारखी रेघ ओढली जाते. पण पुढे याच रुग्णाला एमआरआय लागू शकतो आणि तिथे लोखंडी तुकडा चुंबकाने हलण्याचा धोका असतो, म्हणून ही माहिती केसपेपरवर ठळक लिहून ठेवावी. पाय गमावलेल्या रुग्णाचा तोल कुशीवर असताना जातो. त्या बाजूला उशी लावावी आणि टेबलापासून हलू नये.

महाधमनीबद्दल एक सूचना. पासष्टच्या पुढचा, विडी-सिगारेट ओढलेला पुरुष असेल, तर पोटातील महाधमनी फुगलेली असण्याची शक्यता वाढते. तिचा व्यास तीन सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक भरला तर तिला फुगवटा मानतात. रेफरलवर हे लिहिलेले नसले तरी विडीची सवय किती वर्षांची होती, हे विचारून डॉक्टरांच्या कानावर घालावे. महाधमनी पाहायची की नाही, हे डॉक्टर ठरवतील.

यंत्राबाबत माझा अनुभव असा की बिघाडापेक्षा निष्काळजीपणा अधिक नडतो. पोटासाठी वक्र पृष्ठभागाचा, कमी वारंवारतेचा प्रोब लागतो, साधारण दोन ते पाच मेगाहर्ट्झचा, कारण तो खोलवर पोचतो. गळा, अंडकोष आणि पायाच्या शिरांसाठी सरळ पृष्ठभागाचा उच्च वारंवारतेचा लागतो, जो खोल जात नाही पण बारकावे दाखवतो. रोज सकाळी जेल न लावता प्रोब हवेत धरून पडद्यावर समांतर पट्टे एकसारखे दिसतात का ते पाहावे, मग कागदाची पिन सरळ करून ती प्रोबच्या तोंडावरून हलकेच एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवावी. एखाद्या जागी उजेड उमटला नाही, तर तिथला ध्वनिलहरी सोडणारा स्फटिक मेला असे समजून नोंद करावी. प्रोब एकदा जरी फरशीवर पडला तरी ही परीक्षा लगेच घ्यावी. पुसण्यासाठी मऊ कापड आणि उत्पादकाने सांगितलेलेच जंतुनाशक वापरावे. स्पिरिटने काही प्रोबांचे आवरण तडकते. जेलची अर्धी बाटली मोठ्या कॅनमधून भरून पुन्हा वापरण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण त्यात जंतू वाढतात.

कापसाच्या हंगामात, जिनिंगचा (कापसातून सरकी काढण्याचा) कारखाना जवळ असेल तर विशेषच, यंत्राच्या मागच्या जाळीवर आठवडाभरात धुळीचा आणि तंतूंचा थर बसतो, आतला पंखा गुदमरतो आणि यंत्र ऐन तपासणीत बंद पडते. जाळी दर आठवड्याला काढून धुवावी. वीज जाते-येते त्या गावात यूपीएसशिवाय यंत्र सुरू करू नये, आणि अर्थिंग वर्षातून एकदा तरी वायरमनकडून तपासून घ्यावे.

यंत्रावरचे रुग्णाचे नाव बदलणे ही बाब किरकोळ वाटते. माझ्याच हातून एकदा आधीच्या रुग्णाचे नाव यंत्रावर तसेच राहिले आणि दुसऱ्याच्या मूत्रपिंडातील खडा त्याच्या नावावर छापला गेला. दोघांचे आडनाव एकच होते, त्यामुळे सायंकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आले नाही. तेव्हापासून प्रत्येक रुग्णाचे कार्ड समोर ठेवून क्रमांक आणि जन्मतारीख टाकल्याखेरीज मी जेलच्या बाटलीला हात लावत नाही.

माजी सैनिकांच्या यादीत गरोदर स्त्री क्वचित येते, परंतु तेच यंत्र इतर रुग्णांसाठीही चालते, म्हणून कायद्याची शिस्त रोजचीच आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र आणि ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ हा फलक दर्शनी भागी हवा, कायद्याची प्रत कक्षात हवी. गरोदर स्त्रीच्या प्रत्येक तपासणीचा एफ फॉर्म पूर्ण भरावा, नोंदी दोन वर्षे जपाव्यात आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या 5 तारखेपर्यंत समुचित प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे या कायद्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, पोचवावा. फॉर्ममधील त्रुटी हाच कायद्याचा भंग मानला जातो आणि तसे नाही हे तपासणी करणाऱ्यालाच सिद्ध करावे लागते. शिक्षा केवळ डॉक्टरांना होते हा समज चुकीचा आहे. केंद्रात तांत्रिक सेवा देणाऱ्यालाही पहिल्या गुन्ह्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शब्दाने, खुणेने किंवा हसण्यानेही काही सुचवू नये.

तपासणी संपल्यावर जेल पुसायला रुग्णाच्या हाती कोरडे कापड द्यावे, त्याला क्षणभर बसू द्यावे आणि मगच उतरू द्यावे. दाराशी हमखास प्रश्न येतो, ‘काय दिसून राहिलं, भाऊ?’ पडदा आपणही पाहिलेला असतो आणि खडा ओळखण्याइतकी नजर एव्हाना तयार झालेली असते. तरीही ‘साहेब, डॉक्टर अहवाल लिहीत आहेत, दहा मिनिटे बसा, पाणी प्या, आता चहाही चालेल’ इतकेच बोलावे, आणि पुढच्या रुग्णाचे कार्ड मागून घ्यावे.