वल्हं मारणारा नावाडी बसवलेली रिमोटची नाव: या चुका टाळा

आधी हल (नावेचं धड), मोटर, रडर (सुकाणू), रिसीव्हर (रिमोटचे सिग्नल घेणारा भाग) असं सगळं पूर्ण करायचं आणि शेवटी ‘आता वर एक बाहुला बसवू’ म्हणायचं, हा क्रमच चुकीचा आहे. नाव कलंडते, सर्व्हो (सिग्नलप्रमाणे ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) थरथरतो, डेकमधून पाणी शिरतं. या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी गेलं की बहुतेक वेळा एकच गोष्ट सापडते: नावाड्यासाठी ना वजन राखलेलं असतं, ना करंट, ना डेकखाली जागा. म्हणून कागदावर पहिली रेघ नावाड्याची ओढा आणि नाव त्याच्याभोवती आखा.

१:१० हे प्रमाण घरच्या कामाला सोयीचं. ६ मीटरची नाव ६० सेंटीमीटरची होते आणि उभा माणूस साधारण १७ सेंटीमीटरचा. इथे विदर्भात हात शिवशिवतात ते ढिवरांचा, म्हणजे इथल्या मासेमारांचा, डोंगा करायला, आणि ती ओढ मला समजते. पण डोंगा अरुंद असतो. प्रमाणात छोटा केला की त्याची रुंदी इतकी कमी भरते की हलणारा बाहुला त्याला पेलत नाही. पहिल्या नावेसाठी सपाट तळाची, १८ सेंटीमीटर रुंद मासेमारीची नाव घ्या. डोंगा नंतर करा, आणि तेव्हा त्याच्या तळात शिसं घालायची तयारी ठेवा.

वजन वर चढवणं

६० बाय १८ च्या अशा नावेला आणखी एक सेंटीमीटर बुडायला साधारण ८०० ग्रॅम लागतात. म्हणजे २०० ग्रॅमच्या बाहुल्याने ती बुडणार नाही. धोका आहे तो उंचीचा. तेच २०० ग्रॅम डेकच्या वर १० सेंटीमीटरवर गेले आणि शिवाय पुढे-मागे झुलू लागले, की वळण घेताना नाव आडवी होते.

बाहुल्याचं धड थर्माकोल किंवा डेप्रॉनचं (हलक्या फोमच्या शीटचं) कोरा, सांधे तेवढे धातूचे ठेवा. सर्व्हो आणि गिअर मोटर बाहुल्याच्या पोटात लपवायचा मोह टाळा. त्यांची जागा नावेच्या तळाशी, बॅटरीच्या शेजारी. तिथून वर फक्त एक सळई जाऊ द्या. सायकलचा साधा स्पोक २ मिलिमीटरचा असतो, या कामाला तो उत्तम. कपडे सुती शिवू नका. सुती धोतर पाणी पितं, जड होतं आणि ओलं झालं की सांध्यात अडकतं. पातळ नायलॉन किंवा पॉलिस्टर वापरा, आणि गुडघ्याशी, कोपराशी कापड सैल सोडा.

चाचणी घरीच होते. हिवाळ्यात डेझर्ट कूलर रिकामा पडलेलाच असतो, त्याची टाकी भरा. पूर्ण सामान घालून नाव सोडा, हाताने २० अंश कलवा आणि सोडून द्या. झटकन सरळ झाली तर ठीक. रेंगाळत, डुलत उठली तर बॅटरी आणखी खाली न्या किंवा तळाशी शिसं घाला. तलावावर नेऊन हे तपासू नका.

वल्हं उलटं फिरणं

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो इथे, कारण पाहणाऱ्याचं लक्ष याच्यावरच असतं.

पहिली चूक, नावाड्याचं तोंड पुढे. दोन वल्ही ओढणारा माणूस नावेच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसतो. तो मूठ छातीकडे ओढतो, म्हणजे मूठ नावेच्या पुढच्या दिशेला येते आणि पाण्यातलं पातं मागे जातं. बाहुला पुढे तोंड करून बसवला आणि हालचाल तीच ठेवली, तर तो नाव मागे ढकलताना दिसतो आणि नाव मात्र पुढे जाते. काय चुकलंय ते सांगता आलं नाही तरी लहान मुलांनाही ते खटकतं.

दुसरी चूक, एका सर्व्होवर वल्हं नुसतं पुढे-मागे करणं. मग पातं परत जातानाही पाण्यातूनच जातं, ब्रेक लावतं, आणि दोन्ही बाजू जराशा कमी-जास्त झाल्या की नाव एका अंगाला ओढली जाते. खरी हालचाल लंबगोल असते: पातं खाली असताना मागे, वर उचललेलं असताना पुढे. ती मिळवायची सोपी युक्ती म्हणजे क्रँक. वल्ह्याला काठावर सगळीकडे फिरणारा सांधा द्या आणि मूठ एका छोट्या चकतीवर गोल फिरवा. मूठ वर असताना पुढच्या टोकाकडे सरकली पाहिजे, कारण तेव्हा पातं खाली असतं. उलटं होत असेल तर गिअर मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करा, काम झालं.

तिसरी चूक हातांना मोटर जोडण्याची. मोटर वल्ह्याला जोडा. मुठीला बाहुल्याचे पंजे पक्के बांधा, आणि कोपर, खांदा, कंबर हे सांधे सैल सोडा. वल्हं फिरलं की हात, खांदे आणि धड आपोआप मागेपुढे होतात, आणि ती हालचाल प्रत्येक सांध्याला वेगळा सर्व्हो लावून मिळणाऱ्या हालचालीपेक्षा खूप जिवंत दिसते.

वेग मिनिटाला २५ ते ३० फेऱ्या एवढाच. त्यासाठी ३० आरपीएमची (मिनिटाला ३० फेऱ्यांची) एन२० नावाची छोटी गिअर मोटर चांगली. १०० आरपीएमची घेऊ नका. व्होल्टेज फार कमी करून ती संथ केली तर जोरच राहत नाही. आणि वल्ह्यांवर नाव चालवायची नाही. नाव चालवेल प्रोपेलर. पात्याने पाण्याला दोन-तीन मिलिमीटर स्पर्श केला तरी पुरे. रिमोटवर वल्ह्यांचा चॅनल वेगळा ठेवा, म्हणजे नाव थांबवल्यावर नावाडीही थांबवता येतो.

नावाडी हलला की नाव वेडीवाकडी वळते

नावाड्याची मान वळवायला सर्व्हो लावला की ही तक्रार हमखास येते. कारण विजेचं असतं. बहुतेक स्वस्त ईएससींमधला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधला) बीईसी, म्हणजे रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज पुरवणारा भाग, ५ व्होल्टवर १ ते २ अँपिअर देतो. रडरचा सर्व्हो, मानेचा सर्व्हो आणि गिअर मोटर एकदम ताणले की व्होल्टेज खाली बसतं आणि रिसीव्हर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो. सर्व्हो बदलत बसू नका. ५ व्होल्ट ३ अँपिअरचा वेगळा बीईसी लावा. तसं करताना ईएससीच्या प्लगमधली लाल वायर काढून टेपने झाका, नाहीतर दोन बीईसी एकमेकांशी भांडतात. काळी वायर मात्र सगळीकडे एकत्रच हवी. ती तुटली तर सर्व्होला सिग्नल कळतच नाही.

नावाडी बंद असतानाही रडर थरथरत असेल तर संशय मुख्य ब्रश मोटरवर घ्या. तिच्यावर ‘१०४’ छापलेले तीन छोटे कपॅसिटर सोल्डर करा: एक दोन टर्मिनलांमध्ये, आणि प्रत्येक टर्मिनलपासून मोटरच्या डब्यापर्यंत एकेक. नागपुरात सीताबर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ते अगदी किरकोळ किमतीत मिळतात. रिसीव्हरची अँटेना पाण्याच्या पातळीच्या वर, उभी ठेवा. रिमोटच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाणी शोषून घेतं, त्यामुळे तळाशी गुंडाळलेली अँटेना टाकीत चालते आणि तलावात दगा देते.

पाणी

नावाड्याची सळई डेकमधून जिथे वर येते त्या भोकाभोवती एक सेंटीमीटर उंच कडा करा आणि त्यावर रबरी हातमोज्याचं एक बोट भात्यासारखं बांधा. रबर उन्हात चिरतं, ते दर मोसमात बदला. प्रोपेलर फिरवणाऱ्या शाफ्टच्या नळीचं आतलं तोंड पाण्याच्या पातळीखाली असेल तर तिथून थेंब थेंब येणारच. नळी पाण्यात न धुतल्या जाणाऱ्या ग्रीसने गच्च भरा. प्लाय घेताना आयएस ७१० चा, म्हणजे मरीन प्लायचा, शिक्का पाहा. आयएस ३०३ चा एमआर प्लाय ओल सहन करतो, पाण्यात राहणं नाही.

नागपूरचं ऊन

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बंद हलच्या आत, विशेषतः गडद रंगाच्या डेकखाली, तापमान त्याहून बरंच वाढतं. ग्लू गनचा गोंद अशा उष्णतेत सुटतो. सर्व्हो त्याने चिकटवले असतील तर ते जागचे हलतात आणि तुम्ही दोष लिंकेजला (सर्व्होपासून पुढे हालचाल नेणाऱ्या सळईला) देत राहता. स्क्रू लावा. पीएलए प्लास्टिकमध्ये थ्रीडी प्रिंट केलेला नावाडी ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो, म्हणजे उन्हात उभ्या कारमध्ये वाकडा होऊ शकतो. पीईटीजी प्लास्टिकमध्ये प्रिंट करा. लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी तर कारमध्ये कधीच ठेवू नका, आणि नावेतून काढल्यावर गरम असेल तर निवल्याशिवाय चार्जला लावू नका.

तलावावर

फुटाळा असो की अंबाझरी, नाव सोडायला परवानगी आहे का ते आधी विचारून घ्या. सकाळी लवकर जा, तेव्हा पाणी शांत असतं. जलपर्णी दिसली तर त्या बाजूला नाव नेऊच नका. तिची मुळं प्रोपेलरला गुंडाळली की मोटर अडकते आणि ईएससी जळतो. निघण्यापूर्वी फेलसेफ तपासा: रिमोट बंद केल्यावर मोटर थांबलीच पाहिजे.

उभं राहायचं ते वारा ज्या काठाकडे वाहतोय त्या काठावर, म्हणजे बंद पडलेली नाव वाहत तुमच्याकडेच येईल. तरी मध्येच अडकली तर मासेमारीच्या दोरीला टेनिसचा चेंडू बांधून नावेच्या पलीकडे फेका आणि हळूहळू ओढा. नावेसाठी पाण्यात उतरू नका. काठावरून तळाचा गाळ किती खोल आहे ते दिसत नाही.

घरी आल्यावर डेक उघडून नाव सावलीत वाळू द्या, सळईला तेलाचा एक थेंब द्या आणि पुढचे काही दिवस जायचं नसेल तर लिपोचा प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर आणून ठेवा.