सीसीमधला तिसरा पत्ता: प्रिव्हिलेज रिव्ह्यूला नव्याने बसणाऱ्यांसाठी

अमेरिकी खटल्यांच्या डॉक्युमेंट रिव्ह्यूत (समोरच्या बाजूला कागदपत्रं देण्याआधी ती तपासण्याच्या कामात) नवी मंडळी हमखास एका ठिकाणी अडखळतात. ईमेलवर कंपनीचा वकील आहे, कंपनीची माणसं आहेत, आणि सीसीत भलत्याच डोमेनचा पत्ता: पीआर एजन्सी, सल्लागार, बँकर. काही जण लगेच ‘प्रिव्हिलेज गेलं’, म्हणजे वकील-अशिलातल्या बोलण्याचं कायदेशीर संरक्षण संपलं, असं ठरवतात, काही जण वकिलाचं नाव दिसताच सगळंच झाकतात. टॅग लावण्याआधी हा बाहेरचा माणूस तिथे नेमकं काय करत होता, ते शोधा.

वकील-अशिलातलं गोपनीय बोलणं तिसऱ्याच्या कानावर घातलं की सहसा संरक्षण जातं, हे खरंच. पण कंपनी बोलते ती माणसांमार्फत. १९८१ च्या अपजॉन निकालात सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण फक्त वरिष्ठांपुरतं ठेवायला नकार दिला. १९९४ मध्ये आठव्या सर्किटच्या फेडरल अपील न्यायालयाने बीटर प्रकरणात त्यापुढे जाऊन, पगारावर नसलेल्या पण कर्मचाऱ्यासारखंच काम करणाऱ्या प्रतिनिधीलाही आत घेतलं.

दुसरी वाट १९६१ च्या कोव्हेल निकालाची. वकिलाला अशिलाचे हिशेब समजावेत म्हणून मध्ये बसलेला अकाउंटंट दुभाष्यासारखा, म्हणून चालतो. हवा असलेला सल्ला अकाउंटंटचाच असेल, तर नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते न्यूयॉर्कच्या एकाच फेडरल जिल्हा न्यायालयातल्या दोन निकालांनी. दोन्हींत पीआर फर्म तीच. कॅल्विन क्लाइनच्या खटल्यात (२०००) तिला वकिलांनी नेमलं होतं, तरी काम नेहमीचंच पीआरचं, म्हणून संरक्षण नाही. तांब्याच्या बाजाराच्या खटल्यात (२००१) खुद्द सुमितोमो कंपनीने नेमलं, तरी मिळालं. कारण फर्म कंपनीच्या वतीने बोलत होती आणि वकिलांसोबत मजकूर ठरवत होती. म्हणजे नेमणूकपत्रावर सही कोणाची, एवढ्याने भागत नाही. (नवख्यांना मात्र ते पत्र सापडलं की काम संपल्यासारखं वाटतं.)

अशा वेळी मी त्या पत्त्याचे आधीचे ईमेल उघडतो. कंपनीच्या वतीने निर्णय घेतो का? वकील त्याला थेट प्रश्न विचारतात का? मग साखळी खालून वर वाचतो. खाली वकिलाचा नीट सल्ला, आणि वर मॅनेजरने एजन्सीला ‘माहितीसाठी’ एवढंच लिहून केलेला फॉरवर्ड, असं वारंवार दिसतं. तिथे वकिलाचा मूळ ईमेल वेगळा आणि बाहेर गेलेली प्रत वेगळी. दोन्हींना एकच टॅग लावू नका.

सगळी न्यायालयं ‘कर्मचाऱ्यासारखा’ ही कसोटी सारखी लावत नाहीत. काही ती फारच आवळून वापरतात, त्यामुळे खटला कुठे चालू आहे ते सीनियरला आधीच विचारून घ्या. आणि लॉगमध्ये (प्रिव्हिलेजखाली रोखलेल्या कागदांच्या यादीत) नुसतं ‘सल्लागार’ लिहू नका. कोणाचा, कशासाठी, वकिलाला त्याची गरज का, हे एका ओळीत यायला हवं. नाहीतर समोरची बाजू पहिलं बोट त्याच नोंदीवर ठेवते.