ईमॅक्समध्ये मराठी लिहिताना शॉर्टकट अडतात? या चुका टाळा

लिनक्सवर इनस्क्रिप्ट लेआउट (देवनागरीची प्रमाण कीबोर्ड रचना) लावून ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये मजकूर टाइप केला, आता सेव्ह करायला कंट्रोल-एक्स दाबलं. काहीच होत नाही. सगळ्यात खालच्या ओळीत कंट्रोलच्या पुढे अनुस्वार दिसतो आणि असा शॉर्टकट नाही म्हणून ईमॅक्स सांगतं. कंट्रोल की बिघडली असं वाटून बरेच जण लगेच कॉन्फिग फाइल, म्हणजे ईमॅक्सच्या सेटिंगची फाइल, उघडतात. पण की ठणठणीत असते. इनस्क्रिप्टमध्ये एक्सच्या जागी अनुस्वार आहे आणि ईमॅक्सला तोच पोचतो. मदतीसाठी कंट्रोल-एच दाबावं तर तिथे प, आणि हो-नाहीच्या प्रश्नाला वाय दाबावं तर ब!

यावर अनुस्वारासाठी वेगळा शॉर्टकट, प साठी वेगळा, असं एकेक अक्षर बांधत बसू नका. ते कधीच संपत नाही. सिस्टिमचा लेआउट इंग्रजीच ठेवा आणि देवनागरी ईमॅक्सच्या आतून लावा. त्याची स्वतःची देवनागरी-इनस्क्रिप्ट इनपुट मेथड आहे. कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ दाबली की ती चालू-बंद होते. ही मेथड फक्त साध्या अक्षरांना हात लावते, कंट्रोल आणि मेटाचे (मेटा म्हणजे बहुतेक कीबोर्डवर ऑल्ट) शॉर्टकट इंग्रजीच राहतात. मजकुरात शोधतानाही ती चालते, म्हणून मराठी शब्द सरळ शोधता येतो. मला तर हीच सोय सगळ्यात मोलाची वाटते. एक काळजी मात्र घ्या: कॉन्फिगमध्ये लँग्वेज एन्व्हायर्नमेंट (ईमॅक्सची भाषेची सेटिंग) देवनागरी केलं असेल, तर इनपुट मेथडची ओळ त्याच्या खाली लिहा. वर लिहिली तर एन्व्हायर्नमेंट स्वतःची मेथड बसवतं आणि तुमची निवड पुसली जाते.

विंडोजवर अडचण वेगळी. उजवा ऑल्ट, म्हणजे ऑल्ट-जीआर, विंडोज आतून कंट्रोल अधिक ऑल्ट असाच धरतं. इंग्रजी (भारत) लेआउटमध्ये ऑल्ट-जीआर आणि ४ दाबलं की ₹ येतो. आता एखाद्या एडिटरमध्ये तुम्ही कंट्रोल-ऑल्ट-४ ला काम दिलंत, तर ₹ टाइप करताना तेच काम सुरू होऊ शकतं. कंट्रोल-ऑल्टची जोडी शॉर्टकटसाठी घेऊच नका.

मॅकवर दोन्ही ऑप्शन की मेटाला देऊ नका. उजवी सिस्टिमकडे राहू द्या, म्हणजे तिच्यावरची खास चिन्हं टाइप करता येतात.

टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, कंट्रोल-आय आणि टॅब एकच, कंट्रोल-एम आणि एंटरही एकच. तिथे यांना वेगळी कामं देऊन उपयोग नाही. कंट्रोल-एस दाबल्यावर स्क्रीन गोठली तर घाबरू नका, कंट्रोल-क्यू दाबा.

स्वतःचे शॉर्टकट कंट्रोल-सी आणि त्यापुढे एक साधं अक्षर, असे ठेवा. ही जागा ईमॅक्सने वापरणाऱ्यांसाठीच राखलेली आहे. कंट्रोल-सी कंट्रोल-डी अशी जोडी निवडलीत, तर एखाद्या मोडमध्ये (फाइलीच्या प्रकाराप्रमाणे ईमॅक्स लावतं ती कामाची पद्धत) तिचं काम आधीच ठरलेलं निघेल आणि तुमचा शॉर्टकट तेवढ्याच फाइलींत बंद पडेल.

एवढं करूनही एखादी की ऐकत नसेल, तर माउसने हेल्प मेन्यू उघडा, त्यातल्या डिस्क्राइबमध्ये डिस्क्राइब की निवडा आणि ती की दाबा. ईमॅक्सपर्यंत नेमकं काय पोचलं ते समोर येईल. काहीच उमटलं नाही, तर ती की वाटेत सिस्टिमने किंवा विंडो मॅनेजरने (स्क्रीनवरच्या खिडक्या सांभाळणाऱ्या प्रोग्रामने) उचलली आहे. दुरुस्ती तिथल्या सेटिंगमध्ये करा.