टोमॅटिलो लावताय? मग निदान दोन रोपं तरी लावा

परतीचा पाऊस ओसरला की परड्यातले वाफे मोकळे होतात. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात टोमॅटिलोचं तरू टाकायला हीच वेळ बरी. घटस्थापनेच्या सुमारास बी टाकलं तर दिवाळी आटोपता आटोपता रोपं लावणीला येतात आणि फुलोरा कोरड्या, उन्हाच्या दिवसांत सापडतो. दंव पडलं तर हे झाड टिकत नाही, पण आपल्याकडची थंडी तेवढी कडक नसते. पावसाळ्यात लावायच्या भानगडीत मात्र पडू नका, खानापूरकडच्यांनी तर नकोच. संततधारेत मुळं कुजतात, मधमाशी फिरकत नाही आणि झाड नुसतं पसरत राहतं.

टोमॅटिलो मूळचा मेक्सिकोचा. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा, तंबाखू यांच्याच कुळातला. फळ दिसायला हिरव्या टोमॅटोसारखं, पण कागदासारख्या पातळ पापुद्र्यात गुंडाळलेलं. बांधावर उगवणारी चिरबोटी किंवा बाजारात मिळणारी रसभरी पाहिली असेल, तर हा पापुद्रा तुम्हाला ओळखीचा वाटेल. चव आंबट आणि थोडी लिंबासारखी.

या पिकातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो, कारण निम्मी निराशा तिथेच होते. टोमॅटिलोचं एकटं झाड जवळजवळ फळत नाही. स्वतःच्याच परागानं त्याची फळधारणा होत नाही, दुसऱ्या झाडाचा पराग लागतो. एकच रोप लावलं तर पिवळी फुलं भरपूर येतात, पण ती गळतात किंवा रिकामे पापुद्रे लटकत राहतात. मग लोक खत वाढवतात, औषधं मारतात आणि झाडाला दोष देतात. बीपासून वाढवलेली निदान दोन रोपं जवळजवळ लावा. माझं मत विचाराल तर तीन-चार लावा, म्हणजे एखादं मेलं तरी जोडी राहते. एकाच झाडाच्या फांद्या कलम करून केलेली दोन रोपं इथे चालत नाहीत, कारण ती मुळात एकच झाड. रसभरी एकटीही फळते, त्यामुळे तिच्या अनुभवावरून अंदाज बांधू नका.

पराग इकडून तिकडे नेण्याचं काम मधमाश्यांचं. वाफ्याच्या कडेला झेंडू, तुळस लावा आणि थोडी कोथिंबीर फुलावर येऊ द्या. फुलोऱ्याच्या काळात कीटकनाशक फवारू नका. गच्चीवर कुंडीत लावलं असेल आणि माशा येत नसतील, तर सकाळी मऊ ब्रशनं एका झाडाच्या फुलातला पराग दुसऱ्या झाडाच्या फुलाला लावा.

तरू टाकताना ट्रेमध्ये किंवा छोट्या कुंडीत चाळलेली माती आणि मुरलेलं शेणखत घ्या. बी अर्धा सेंटीमीटरपेक्षा खोल टाकू नका. आठवडा ते पंधरवड्यात उगवतं. माती ओली ठेवा, चिखल नको. पाणी जास्त झालं की कोवळी रोपं बुडात कुजून आडवी पडतात. मातीत ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळला तर हा धोका कमी होतो. रोपं वीतभर होत आली की लावणी करा आणि टोमॅटोसारखीच जरा खोल, खालची पानं काढून, लावा. मातीत गेलेल्या खोडालाही मुळं फुटतात.

दोन झाडांत तीन फूट अंतर ठेवा. हे झाड उंच वाढतं तितकंच आडवंही पसरतं. रोप लहान असताना अंतर उगाच मोठं वाटतं, म्हणून लोक दाटी करतात आणि पुढे आतली पानं हवेविना सडतात. लावणीच्या वेळीच काठी रोवून घ्या, नंतर रोवली तर मुळं दुखावतात.

अथणी, चिकोडीकडच्या काळ्या जमिनीत गादीवाफा करा, म्हणजे पाणी थांबणार नाही. खानापूरच्या तांबड्या, आम्लधर्मी जमिनीत शेणखत चांगलं घाला आणि शक्य असेल तर माती तपासून गरजेपुरता चुना द्या. टोमॅटिलोची भूक फार नाही. लावणीला एक-दोन घमेली कुजलेलं खत, फुलोरा सुरू झाल्यावर थोडं गांडूळखत, एवढ्यावर भागतं. युरियाचा मोह टाळा. नत्र वाढलं की पाला फोफावतो आणि फळ रुसतं. पाणी नियमित द्या, पण बुडाशी. उसाचा पाला आपल्याकडे मिळतोच, त्याचं आच्छादन करा. ओल टिकते आणि भांगलणही कमी लागते.

निपाणी भागातल्या लोकांना एक खास सूचना. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू या झाडालाही लागतो आणि तो हातावरून पसरतो. तंबाखूत काम करून आलात किंवा तंबाखू मळली असेल, तर साबणानं हात धुतल्याशिवाय रोपांना हात लावू नका. पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पडून ती आकसलेली दिसली तर झाड उपटून जाळा, औषधानं ते बरं होत नाही. ज्या वाफ्यात नुकती वांगी, मिरची, बटाटा किंवा टोमॅटो होता तिथे टोमॅटिलो नको. घेवडा, मेथी किंवा कांद्यामागे लावा.

किडींत पांढरी माशी आणि पानं खरवडणारे पिवळे काटेरी किडे बघा. पानं उलटून किडे वेचा आणि साबणाच्या पाण्यात टाका. माशीसाठी पिवळे चिकट सापळे लावा. फवारायचंच असेल तर 5 टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम निंबोळी पूड, रात्रभर भिजवून, गाळून. फवारणी संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर.

लावणीपासून साधारण दोन ते अडीच महिन्यांत तोडणी सुरू होते. रंगाकडे बघू नका, पापुद्रा बघा. तो आधी मोठा होतो आणि फळ आत मागाहून भरतं. दाबून पाहिला आणि आत पोकळ लागला तर थांबा. पापुद्रा फळानं गच्च भरला, खालून चिरायला लागला आणि फळ अजून हिरवं, टणक आहे, तेव्हा तोडा. पिवळं पडू दिलं तर गोडसर होतं आणि आंबटपणा जातो. जांभळ्या वाणाची गोष्ट वेगळी, तो रंग चढल्यावरच काढतात. दोन-तीन दिवसांनी फेरी मारा आणि गळालेली फळंही बघा, पापुद्र्यामुळे ती बरेचदा चांगली असतात.

पानं, खोड आणि पापुद्रा खायचा नाही, आणि झाडाचा पाला शेळ्या-गुरांपुढे टाकू नका. बांधावर आपसूक उगवलेली सारखी दिसणारी झाडंही खात्री नसताना तोंडात घालू नका.

पापुद्रा काढल्यावर फळाला चिकटपणा लागतो. तो नैसर्गिक आहे, कोमट पाण्यात चोळून धुवा. मेक्सिकोत टोमॅटिलो, हिरवी मिरची, कांदा, लसूण भाजून किंवा उकडून कोथिंबिरीबरोबर वाटतात, तोच त्यांचा हिरवा साल्सा. आपल्या तव्यावर हे अगदी सहज होतं. तापल्या तव्यावर फळं, मिरच्या आणि लसूण डाग पडेपर्यंत भाजा, मग मीठ, कोथिंबीर आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे घालून खलबत्त्यात भरड कुटा. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर हा खर्डा फार छान लागतो. संकेश्वरी लाल मिरची भाजून घातली तर चव आणखी खोल होते. कच्च्या टोमॅटोची शेंगदाण्याचा कूट आणि गूळ घालून भाजी करतो, तशीच याचीही होते, फक्त गूळ थोडा जास्त घाला. आमटीत किंवा माशाच्या कालवणात चिंचेऐवजी दोन फळं चिरून घाला. शिजताना ती विरघळतात आणि रस्सा दाट होतो.

फळं पापुद्र्यासकट कागदी पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन आठवडे टिकतात. प्लास्टिकमध्ये घाम धरून बुरशी येते. जास्त आली तर पापुद्रा काढून, धुऊन, कोरडी करून फ्रीझरमध्ये ठेवा, खर्ड्याला आणि आमटीला तीच चालतात.

ठरलेलं गिऱ्हाईक हातात नसताना एकरभर लावायचं धाडस करू नका. परड्यात दोन-चार झाडं घराला पुरतात. पुढच्या हंगामाच्या बियासाठी चांगल्या झाडांवरची काही फळं पूर्ण पिवळी होऊ द्या आणि वळवाच्या पावसाआधी काढा. गर पाण्यात कुस्करला की बी खाली बसतं. ते सावलीत वाळवून कागदी पाकिटात भरा आणि वर वर्ष लिहून ठेवा. शेजारी दुसरा वाण असेल तर संकर होतो, तेव्हा एका हंगामात एकच वाण लावलेला बरा.