मुरलेला लियूबाओ चहा दहा पाण्यांत कसा चाखावा

दक्षिण चीनमधील ग्वांगशी प्रदेशात वूचौ नावाचे शहर आहे आणि त्याच्या परिसरातील त्सांगवू तालुक्यात लियूबाओ हे डोंगराळ गाव आहे. या गावाच्या नावाने ओळखला जाणारा चहा ताजा पिण्यासाठी बनवलेला नसतो. पाने ओलसर करून त्यांचे ढीग लावतात, सूक्ष्मजीवांकडून ती आंबवून घेतात, मग वाफ देऊन बांबूच्या टोपल्यांत दाबून भरतात आणि वर्षानुवर्षे मुरू देतात. 19व्या शतकात मलायातील पेराकच्या कथिलाच्या खाणींत काम करण्यासाठी गेलेले चिनी मजूर हाच चहा पीत असत. दमट उष्ण हवेत दिवसभर राबणाऱ्या माणसांसाठी तो मोठ्या भांड्यांत करून ठेवलेला असे. 2022 साली युनेस्कोने चीनमधील पारंपरिक चहानिर्मितीला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले आणि त्यात लियूबाओच्या कारागिरीचाही समावेश आहे. इतके असूनही, जुन्या पु-एर या दुसऱ्या मुरवलेल्या चिनी चहाच्या किमती पाहून मागे फिरलेल्या माणसाला आजही परवडेल असा मुरलेला चहा हवा असेल, तर मी त्याला लियूबाओच सुचवतो.

आरंभी एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपण ज्याला काळा चहा म्हणतो, त्याला चिनी लोक लाल चहा म्हणतात आणि त्यांच्या काळ्या चहात लियूबाओ व मुरवलेला पु-एर हे प्रकार येतात. आसामच्या चहाचा रंग पानांतील रसाचा हवेशी संयोग झाल्याने गडद होतो. लियूबाओचा रंग आणि चव मात्र ढिगातील ऊब, ओल आणि बुरशीवर्गीय सूक्ष्मजीव यांच्या कामातून येते. त्यामुळे हा चहा दूध-साखर घालून उकळण्यासाठी नाही, आणि एका कपावरून त्याची पारख करणे हा त्याच्यावर अन्याय आहे. तीच पाने पुन्हा पुन्हा भिजवून, प्रत्येक पाण्यात काय बदलते ते पाहत जाणे, हीच त्याची खरी परीक्षा आहे.

काय विकत घ्यावे

सुरुवातीला 50 ग्रॅमचे पाकीट पुरे होते. एका बैठकीला 6 ग्रॅम पाने लागतात, म्हणजे एवढ्यात आठ बैठका होतात. वेष्टनावर उत्पादनाचे वर्ष आणि पाकीट भरल्याची तारीख या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, त्या दोन्ही पाहाव्यात. स्वस्त मालावर तीस-चाळीस वर्षांचे वय छापलेले दिसले, तर त्यावर विश्वास ठेवू नये. पाच ते दहा वर्षे मुरलेला, नीट ठेवलेला साधा माल त्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक असतो. पानांवर बारीक सोनेरी-पिवळे ठिपके दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. ती ज्यांना चिनी लोक सोनफुले म्हणतात ती बुरशी असते आणि काही लियूबाओमध्ये ती मुद्दाम जपली जाते. मात्र पांढरी, हिरवट किंवा काळी लवदार बुरशी दिसली, किंवा नाकाला झोंबणारा बुरसट वास आला, तर तो चहा टाकून द्यावा.

पाकीट उघडल्यावर लगेच चाखण्याची घाई करू नये. पाने चिनी मातीच्या बरणीत काढून, तोंडावर सुती कापड बांधून दोन आठवडे ठेवल्यास ढिगाचा कोंदट वास बराच उतरतो. मसाल्याच्या डब्यांजवळ किंवा देवघराजवळ ती बरणी ठेवू नये, कारण हा चहा शेजारचा वास भराभर ओढून घेतो. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी हे काम पावसाळ्यात करूच नये. श्रावणातली हवा दोन आठवड्यांत चहा बिघडवू शकते.

भांडी आणि पाणी

सुमारे 100 मिलिलिटरची झाकणाची वाटी, जिला चिनी भाषेत गायवान म्हणतात, ती उत्तम. ती नसेल तर चिनी मातीची लहान किटली चालते. त्याशिवाय चहा ओतून एकसारखा करण्यासाठी काचेचे लहान भांडे, एक गाळणे, आतून पांढरा असलेला कप आणि दशांश ग्रॅम दाखवणारा साधा वजनकाटा हवा. चमच्याने मोजणे टाळावे, कारण दाबलेल्या गड्ड्याचा एक चमचा आणि सुट्या पानांचा एक चमचा यांच्या वजनात फार फरक पडतो.

पाण्याकडे मात्र दुर्लक्ष करू नये. बोअरवेलच्या जड पाण्यात हा चहा गढूळ दिसतो आणि मंद लागतो. उलट क्षार पार काढून टाकलेल्या शुद्धीकरण यंत्राच्या पाण्यात तो पोकळ लागतो. नळाचे गोडे पाणी गाळून घेतलेले असावे आणि प्रत्येक वेळी ते खळखळून उकळलेलेच ओतावे. कोमट होत गेलेले पाणी वापरले, तर चव उतरली ती चहा कमजोर झाल्यामुळे की पाणी थंड असल्यामुळे, हे नंतर ओळखता येत नाही.

प्रत्यक्ष चाखणे

चाखण्याआधी तासभर कांदा, लसूण, पान-तंबाखू यांपैकी काही तोंडात गेलेले नसावे, आणि पोट अगदी रिकामेही नसावे. उकळते पाणी घालून गायवान तापवावी, ते पाणी फेकावे आणि गरम भांड्यात 6 ग्रॅम कोरडी पाने टाकून, झाकण ठेवून अर्धा मिनिट थांबावे. झाकण उचलून पानांचा वास घ्यावा. चहा कसा साठवला होता, हे या एका क्षणी जितके उघड होते तितके नंतर कधीच होत नाही: जुने लाकूड, पावसानंतरची माती, खारीक असे वास चांगले, बंद पडलेल्या घरातल्या गोधडीचा कुबट वास असेल, तर तो मनात नोंदवून ठेवावा, पण एवढ्यावरून निकाल देऊ नये.

नंतर पाने धुवावीत. उकळते पाणी ओतून पाच सेकंदांत ते सगळे काढून टाकावे. गड्डा घट्ट असेल तर हे दोनदा करावे, आणि झाकण ठेवून एक मिनिट पानांना उमलू द्यावे.

पहिली तीन पाणी प्रत्येकी दहा सेकंदांची असावीत, चौथे पंधरा, पाचवे वीस, सहावे तीस, सातवे पंचेचाळीस सेकंदांचे, आठवे एक मिनिटाचे, नववे दोन आणि दहावे चार मिनिटांचे. दर वेळी भांडे शेवटच्या थेंबापर्यंत निथळले पाहिजे. तळाशी राहिलेला घोटभर चहा पुढच्या पाण्यात कडूपणा उतरवतो आणि मग दोष पानांचा की हाताचा, हे ठरत नाही.

पहिली दोन पाणी ढिगाची आणि गोदामाची असतात. स्वस्त चहात इथे मातकट, क्वचित किंचित मासळट वास येतो आणि नवा माणूस नेमका इथेच हात आखडतो. मी स्वतः पहिला लियूबाओ दुसऱ्या कपानंतर मोरीत ओतला होता, आणि त्याच पाकिटाने काही महिन्यांनी, सहाव्या पाण्यात, मला या चहाची गोडी लावली. तिसऱ्यापासून पाचव्यापर्यंत रंग सर्वांत गडद होतो. कप उजेडात धरावा: रंग कितीही गडद असो, तो लालसर आणि नितळ दिसला पाहिजे. चिनी पारखी या चहाकडून चार गुणांची अपेक्षा करतात: होंग, नोंग, छेन, छुन, म्हणजे लाल, दाट, मुरलेला आणि मवाळ. दाटपणा जिभेने मोजावा. घोट थोडा हवेसह सुर्रकन ओढून तोंडभर फिरवावा. पातळ भाताच्या पेजेसारखा तो गुळगुळीत लागतो की नुसत्या रंगीत पाण्यासारखा निसटतो, याकडे लक्ष द्यावे.

सहाव्यापासून आठव्या पाण्यापर्यंतचा टप्पा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण ढिगाचा वास तोवर धुऊन गेलेला असतो आणि मूळ पान बोलू लागते. लियूबाओची ख्याती ज्या गंधामुळे आहे त्याला चिनी भाषेत बिंगलांग श्यांग, म्हणजे सुपारीचा गंध म्हणतात. (बिंगलांग हा शब्द मलय भाषेतील पिनांग या शब्दावरून आला, आणि पेनांग बेटाचे नावही त्याच सुपारीवरून पडले.) हा गंध वर्णनांवरून शिकण्यासाठी इतरांना बराच काळ लागतो, पण आपल्याकडे तो घरातच आहे. श्रीवर्धनकडची रोठा सुपारी अडकित्त्यात धरून कातरली, की पहिल्या खांडाबरोबर जो कोरडा, लाकडासारखा, थोडा थंडावा देणारा वास उठतो, तो आठवावा; शक्य असल्यास एक खांड समोर बशीत ठेवून आलटून पालटून वास घ्यावा. सुगंधी सुपारीचा मात्र यात काहीही उपयोग नाही. प्रत्येक लियूबाओमध्ये हा गंध सापडत नाही. स्वस्त मालात तो पुसट असतो, आणि चहा गिळल्यावर नाकातून श्वास सोडताना तो अधिक कळतो.

याच टप्प्यावर घशाकडे लक्ष द्यावे. आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यावर जशी मागाहून गोडी येते, तशी हलकी गोडी घोटानंतर आली तर पाने चांगली आहेत. घसा कोरडा पडला किंवा खवखवला, तर साठवण बिघडलेली आहे, मग वेष्टनावर काहीही लिहिलेले असो.

प्रत्येक पाण्यासाठी वहीत एक-दोन शब्दच लिहावेत: तिसरे, दाट, खारीक; सातवे, सुपारी, गोड. चौथ्या-पाचव्या पाण्यातच चव एकदम खाली बसली, तर ढीग प्रमाणाबाहेर आंबवलेला होता किंवा पाने हलक्या प्रतीची होती असे समजावे. नवव्या-दहाव्या पाण्यापर्यंत रंग उतरूनही गोडवा टिकला, तर स्वस्तात चांगला माल हाती लागला आहे. दहा पाण्यांचा मिळून जवळपास पाऊण ते एक लिटर चहा होतो आणि त्यात कॅफीन असते, म्हणून बैठक सकाळी किंवा दुपारी करावी आणि शक्य तर दोघातिघांत वाटून घ्यावी.

शेवटी पाने पांढऱ्या ताटलीत पसरून बोटांनी दाबून पाहावीत. ती गडद तपकिरी, लवचिक आणि उलगडणारी असावीत. कोळशासारखी काळी, टणक, चिमटीत भुगा होणारी पाने फार निघाली, तर ढिगात उष्णता अनावर झाली होती. त्यानंतर तीच पाने 300 मिलिलिटर पाण्यात पाच-सात मिनिटे मंद आचेवर उकळावीत. संपला असे वाटलेला चहा पुन्हा लाल होतो. या उकळलेल्या कपात सुपारीचा किंवा खारकेचा गंध परत आला, तर त्या चहाचे दुसरे, मोठे पाकीट मी निःशंकपणे मागवतो. नुसते गोडसर लाकडी पाणी मिळाले, तर उरलेली पाने रोजच्या पिण्यासाठी थर्मासमध्ये टाकण्यापुरती ठेवतो.