आवारातला बुंधा काढण्यापूर्वी
सोसायटीच्या आवारातला गुलमोहर पावसाळ्यात मोडला आणि खोड कापून नेले, तरी बुंधा तसाच राहतो. त्यात पुढे वाळवी लागते. खणून काढण्यापेक्षा तो यंत्राने दळून घेणे मुंबईच्या अरुंद आवारात सोयीचे ठरते, कारण कुंपणाची भिंत आणि फरसबंदी सहसा शाबूत राहते. मात्र यंत्राचे फिरते दातेरी चाक जमिनीखाली साधारण १५ ते ३० सेंटीमीटर जाते, आणि नेमक्या त्याच थरात पाण्याची नळी, विजेची केबल किंवा गॅसची वाहिनी असू शकते. म्हणून ठेकेदार येण्याआधी प्लंबरला घेऊन त्यांच्या जागा चुन्याने आखून घ्याव्यात. फाटकाची रुंदीही मोजून कळवावी. १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार झाड तोडण्यासाठी घेतलेली परवानगी हाताशी ठेवावी. काम चालू असताना खडे गोळ्यांसारखे उडतात, त्यामुळे जवळच्या गाड्या आधीच हलवाव्यात. उरलेला भुसा खड्ड्यात परत ढकलण्याचा मोह टाळावा: तो कुजताना मातीतले नत्र शोषून घेतो, आणि तिथे लावलेले नवे रोप पिवळे पडते. त्याऐवजी तांबडी माती आणि शेणखत भरावे.