पेरणीआधी पावसाच्या खुणा कशा बघायच्या

मे महिन्याच्या शेवटी सकाळी लवकर बांधावर जायचं. आधी कावळ्याचं घरटं शोधायचं. आंब्यासारख्या डेरेदार झाडावर, मधल्या बेचक्यात असेल तर पाऊस बरा. बाभळीवर किंवा अगदी शेंड्याला असेल तर वर्ष कोरडं, असं माझे आजोबा मानायचे.

मग टिटवी. ती घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर खड्यांमध्येच अंडी घालते. करड्या-पिवळसर कवचावर काळे ठिपके असतात, त्यामुळे पायाखाली येईस्तोवर दिसत नाहीत. म्हणून जपून चाला. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली की तिथेच थांबा आणि लांबूनच बघा. अंडी उंचवट्यावर असली तर पाऊस भरपूर, ओढ्याच्या पात्रात असली तर कमी, असा समज.

मुंग्या अंडी तोंडात धरून वर चढताना दिसल्या की सरपण आत घ्यायचं. ही खूण मला सगळ्यात जवळची, कारण ती आजउद्याचं सांगते.

पावशा पक्षी ‘पेरते व्हा’ म्हणतो, पण तेवढ्यावर चाड्यावर मूठ धरू नका, म्हणजे पेरायला घेऊ नका. एका वर्षी मृगाच्या पहिल्या सरीला मी सोयाबीन पेरलं, पुढे पावसानं ओढ दिली आणि दुबार पेरणी करावी लागली. तेव्हापासून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय मी तिफण बाहेर काढत नाही. ढेकूळ फोडून आतली ओल हातानं बघते, मगच बियाणं.